बारा फुटांचा चर

ऑकलंड, ६ मे २००३

पिसिला,

आशीर्वाद शेवटी लिहीन, तोवर मनात उरला तर.

दुकानातल्या फोनवर तुझ्यासाठी तीनदा निरोप ठेवला. दुकानदारीण म्हणाली, "घरीच आहे हो, पण येत नाही म्हणते." म्हणून हे पत्र लुपेआत्याबरोबर धाडतोय. आत्या ते विमानातच फोडणार हे मला ठाऊक आहे. वाच लुपे, आणि नंतर नीट चिकटव.

सेतेफानोने मला सगळं सांगितलंय. गावात नळाचं पाणी यायचंय, त्यासाठी टाकीपासून खाली चर खणायचं काम चाललंय, आणि माझ्या मुलीने भर कामात पोकलेन बंद केलं, किल्ली खिशात टाकली आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत घरी निघून गेली. का, तर म्हणे धोका आहे! जुलैच्या पहिल्या रविवारी आपल्या चर्चला पन्नास वर्षं होतात. ऑकलंडहून, सिडनीहून पाहुणे येतील. त्यांनी अंघोळीला बादल्या घेऊन झऱ्यावर जायचं का? पाद्रीबाबांनी वेदीवरून सांगितलंय की त्या दिवशी गावात पाणी येणार. आणि ते अडवलं कोणी? पेसामिनोच्या मुलीने.

एकतीस वर्षं मी मशीनवर बसलोय. इथले निम्मे मोटरवे माझ्या हाताखालून गेले. चिखलात बसलो, गारठ्यात बसलो, ताप असताना बसलो. सीट सोडून कधी गेलो नाही. तुला सहा वर्षं इथे जवळ ठेवून लिव्हर धरायला शिकवलं ते कशासाठी? आईला साखर झाली म्हणून परत गेलीस, तेव्हा तुला मशीनवर घ्या म्हणून सेतेफानोला शब्द मी टाकला, मुकादम तो. आईचा भाऊ लागतो तो तुझ्या. मामा आहे.

त्याने मग पलीकडच्या गावातून सिमीला आणलं. तीच मशीन, तोच चर. दोन दिवसांत सिमीने वीस फूट पुढे नेला. कोणाच्या नखालाही धक्का लागला नाही. अशी भित्री कधीपासून झालीस? तुला दिसलं काय?

मामाकडे जा. खाली बस आणि चुकले म्हण.

बाबा


सवाई, सामोआ, १९ मे

बाबा,

आत्याने पत्र फोडलं होतं. चिकटवलं मात्र नाही. वर मलाच म्हणाली, "तुझ्या बापाचं अक्षर अजून तसंच घाणेरडं आहे."

मला काय दिसलं ते विचारलंत. विचारलंत खरं, पण उत्तर ऐकायच्या आधीच खाली बस म्हणालात. तरी लिहिते.

टाकी आणि गाव यांच्यामध्ये चढ आहे, सेतेफानोमामाच्या घरासमोर. पाण्याला उतार मिळायचा तर तिथे चर बारा फूट खोल जातो. माती कसली, आपली काळी राखमाती, मुठीत धरली तर बोटांतून गळते. एका बाजूला रस्ता, दुसऱ्या बाजूला मामाने सोहळ्यासाठी बांधलेली नवी दगडी भिंत. माती दूर टाकायला जागा नाही म्हणून ती चराच्या काठावरच रचायची, आणि त्या ढिगाला लागून माझी मशीन उभी. चरात तावीता आणि फिलिपो पाइप जोडताहेत. ते खाली असतानाच मी पुढे खणायचं, भरलेली बकेट त्यांच्या डोक्यावरून फिरवून काठावर ओतायची. चराला टेकू नाहीत, फळ्या नाहीत, शिडी नाही. मी मामाला म्हटलं, मला सीटवरून ती दोघं दिसत नाहीत, ढीग आड येतो. काठावर एक माणूस उभा करा, तो हात वर करेल तेव्हा मी थांबेन. मामा म्हणाला, "माणूस कुठून आणू? तू सावकाश फिरव."

आदल्या दिवशी पाऊस झाला होता. सकाळी कामाआधी मी मशीनला फेरी मारली, तुम्ही लावलेली सवय. चेनपासून वीतभर अंतरावर जमिनीला भेग पडली होती. चराला समांतर, मशीनच्या लांबीएवढी. मामाला हाताला धरून दाखवली.

"ही कालपासून आहे," तो म्हणाला.

"काल बोटभर होती. आज बघा, माझा हात जातो आत."

"तू काय जमिनीची डॉक्टर आहेस?"

सगळे हसले. तावीताही खालून हसला, पण त्याने वर बघितलं नाही.

मी म्हटलं, "दगडी भिंत काढून चराची ती बाजू उतरती कापूया, म्हणजे माती अंगावर येणार नाही. नाहीतर टेकू लावा. तोवर ही दोघं वर येऊ देत." मामा म्हणाला, "भिंत पाडू? माझी भिंत? आणि टेकूंना आठवडा जाईल. आपिया शहरातल्या कंत्राटदाराला काय सांगू, पोरगी घाबरली म्हणून?" मग मी बकेट जमिनीला टेकवली, लॉक टाकला, इंजिन बंद केलं आणि उतरले. किल्ली नेली हे खरं. पण ती नेऊन काय उपयोग? त्या कंपनीच्या सगळ्या मशीन एकाच किल्लीने सुरू होतात. सिमीने त्याची लावली.

आणि खरंय, काही झालं नाही. वीस फूट गेले, कोणी मेलं नाही. त्यामुळे आता मी गावातली वेडी. बायका मला विचारतात, "काय गं, आज जमीन काय म्हणते?" जरा चराची कड कोसळली असती तर मी शहाणी ठरले असते, होय ना? तावीताची तीन पोरं उघडी पडली असती, पण मी शहाणी ठरले असते.

बाबा, काठावर माती टाकू नकोस, माणूस खाली असेल तर बकेट डोक्यावरून नेऊ नकोस, दिसत नसेल तर हलू नकोस, हे कोणी शिकवलं मला? ऑकलंडमध्ये मी एकदा मागे न बघता मशीन वळवली, तर तुम्ही मला सगळ्या गड्यांसमोर थोबाडीत मारली होती. ते सगळं फक्त गोऱ्यांच्या साइटवर लागतं का? आपली माणसं फुकटची आहेत का?

मी खाली बसणार नाही.

पिसिला


ऑकलंड, ३० मे

पिसिला,

बापाला असं लिहितात? हे पत्र मी तीनदा फेकलं आणि तीनदा उचललं.

थोबाडीत मारली ती तू माझी मुलगी म्हणून. इथे साइटवर पिवळ्या जाकिटातला इन्स्पेक्टर फिरतो, वही घेऊन. तिथे सामोआत ती चैन नाही. तिथे जे आहे त्यात काम करावं लागतं. तुझ्या आजोबांनी पहारीने विहिरी खणल्या. त्यांना कोणी टेकू दिले होते?

खरं सांगू? सेतेफानो म्हणतो, तुला त्याची जागा हवी आहे. मुकादम व्हायचंय. म्हणून त्याला लोकांसमोर खाली पाडलंस. मला ते आधी पटलं नव्हतं. तुझं पत्र वाचून पटायला लागलंय. एक ओळ त्यात नरम नाही. भ्यायलेल्या माणसाचं पत्र असं नसतं.

मी जूनच्या शेवटी येतोय, सोहळ्यासाठी. पाइप थोडे थोडे येताहेत म्हणून काम रखडलंय; शेवटचे चाळीस फूट सेतेफानो माझ्यासाठी राखून ठेवणार आहे, ते मी स्वतः खणून देणार आहे. गावाला दिसू दे, पेसामिनोच्या घरात निदान एकाला मशीन चालवता येते. तू काठावर उभी राहून बघ.

आईला औषध वेळेवर दे.

बाबा


आपिया, १४ जून

बाबा,

मी बघायला नसेन. सोमवारपासून आपियाच्या धक्क्यावर लोडर चालवते. आईजवळ मावशी राहते आहे.

मुकादम व्हायचं असतं तर मी गप्प बसले असते. गप्प बसणारेच होतात.

इथे आल्यावर पहिल्याच दिवशी सरकारी कचेरीत जाऊन लेखी तक्रार दिली. साहेब खरंच सवाईला गेला. मामाकडे जेवला. ताटात डुकराचं मांस आणि नारळाच्या दुधातली अळूची पानं होती म्हणे. मग खुर्चीवरूनच चराकडे बघून परतीची बोट धरली.

मी गावाहून निघायच्या आदल्या दिवशी तावीता मागच्या दाराने आला. म्हणाला, "तू मशीन बंद केलीस ना, तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. तुला लोक हसले तेव्हा मीही हसलो. मला माफ कर." मी विचारलं, "मग आता तू का उतरतोस?" तर म्हणाला, "तुझा मामा म्हणाला, नसेल उतरायचं तर घरी बस. घरी बसून मुलांना काय देऊ?"

त्याला मी माफ केलं. तो भ्यायला होता. तुमचं काय? तुम्ही तर समुद्रापलीकडे सुरक्षित बसून मला भित्री म्हणालात.

मला पत्र लिहू नका.

पिसिला


सवाई, २७ जून

पिसिला,

लिहू नका म्हणालीस तरी लिहितोय. हे तावीता स्वतः बोटीने घेऊन येईल. लुपेच्या हाती देत नाही.

मी सोमवारी आलो. बुधवारी सकाळी चरावर गेलो. गाव जमलं होतं, पाद्रीबाबाही खुर्ची घेऊन आले होते. सेतेफानोने हार घातला मला. मी सीटवर बसलो, इंजिन सुरू केलं, मशीनचा हात उचलला. समोर मातीचा ढीग. ढिगापलीकडे काही नाही. मी विचारलं, "खाली कोण आहे?" सेतेफानो म्हणाला, "तावीता, फिलिपो. तू खण, त्यांना सवय आहे."

त्यांना वर घ्या हे शब्द माझ्या जिभेवर आले होते. एकतीस वर्षांची जीभ आहे, तिला माहीत होतं. पण सगळं गाव बघत होतं, गळ्यात हार होता, आणि ते शब्द तुझे होते. मी गिळले.

त्याऐवजी मला शहाणपण सुचलं. मी म्हटलं, थांबा, मी स्वतः खाली उतरून दाखवतो. माझी मुलगी ज्याला भ्यायली तिथे मी उभा राहतो, सिमीला खणू दे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शिडी नव्हती, म्हणून सिमीने मला बकेटमध्ये उभं करून खाली सोडलं.

पोरी, इतक्या वर्षांत मी शेकडो चर खणले, पण चराच्या तळाशी कधी उभा राहिलो नव्हतो. मी कायम वर असायचो. खालून आभाळ पायपुसण्याएवढं दिसतं. चराच्या भिंतीला हात लावला तर हात आत गेला आणि माती घरंगळत बुटात शिरली. बकेट डोक्यावरून गेली की अंधार होतो, आणि प्रत्येक फेरीला वरून मूठभर माती मानेत पडते.

तावीताचे ओठ हलत होते. मला वाटलं प्रार्थना करतोय. मी त्याच्या कानाशी ओरडलो, "काय म्हणतोयस?"

"मोजतोय, काका. बकेट वळल्यापासून रिकामी होईपर्यंत नऊ आकडे. तेव्हा मशीनचं वजन काठावर येतं. त्यात चराची भिंत हलली तर मी टाकीकडे पळणार, फिलिपो गावाकडे. ठरलंय आमचं."

"आणि मी?"

त्याने माझ्या गुडघ्यांकडे बघितलं. मग पुन्हा मोजायला लागला.

मी वर ओरडलो, थांबव! इंजिनाच्या आवाजात मला माझंच ऐकू आलं नाही. हात हलवले. गाव ढिगामागे होतं; काठावर बघणारा माणूसच नव्हता. तू मागितला होतास तो. अकरा मिनिटं, पिसिला. माझ्या घड्याळात अकरा मिनिटं. मी भिंतीला पाठ लावून उभा होतो, आणि मीही नऊपर्यंत मोजत होतो, पुन्हा पुन्हा. सिमी पाणी प्यायला थांबला तेव्हा कुठे फिलिपोने माझी हाक वर पोचवली. परत बकेटमध्ये बसायला मी नकार दिला. मग दोर टाकून मला गाईसारखं ओढून काढलं. हार खालीच राहिला.

सेतेफानो हसत म्हणाला, "काय झालं, दाजी? काहीच तर झालं नाही!"

मी त्याची कॉलर धरली. पाद्रीबाबांसमोर. म्हटलं, "तू उतर. आत्ता. सिमी खणेल, तू उभा राहा." तो उतरला नाही. "मला काम बघायचंय" म्हणाला. ते सगळ्या लोकांनी ऐकलं.

काल मानकऱ्यांची पंचायत बसली. माझंही पद आहे, मला बोलायचा हक्क आहे. चार तास भांडलो. मी म्हटलं, चर मी आतून पाहिलाय. ठरलं असं: सेतेफानोची भिंत पाडायची, ती बाजू उतरती कापायची. जिथे ते जमत नाही तिथे नारळाच्या खोडांचे टेकू आणि फळ्या. शिडी कायम चरात. काठावर एक माणूस लाल फडकं घेऊन, त्याने वर केलं की मशीन बंद, मग मुकादम काहीही म्हणो. माती काठापासून लांब. आणि खाली माणूस असेल तर बकेट हलणार नाही.

सोहळ्याला पाणी येणार नाही. लोक माझ्याशी बोलत नाहीत. चर अजून तसाच उभा आहे, पडलेला नाही, आणि येणारा-जाणारा मला तो दाखवतो. तुझ्या आईने चहा दिला, पण कप आपटून. म्हणाली, "पोरीने लिहिलं ते वाचता येत नव्हतं का?"

परत ये.

बाबा


आपिया, १ जुलै

बाबा,

तुम्ही बकेटमध्ये उभे राहून उतरलात? बकेटमध्ये? साठीचा माणूस, गुडघे गेलेले, आणि खाली टेकू नसलेला चर! तावीताने सांगितलं तेव्हा मी धक्क्यावर त्याच्या अंगावर ओरडले, सगळे खलाशी बघायला लागले. मी तिथे असते तर तुम्हाला दोराने नीरफणसाच्या झाडाला बांधून ठेवलं असतं. एकतीस वर्षांत एवढं शिकलात? तुम्ही खाली राहिला असतात तर मी आईला काय सांगायचं होतं, गावाला दाखवायला गेले म्हणून?

हे पत्र मी दोनदा फाडलं. रागाने फाडलं असंच समजा.

आता दुसरं. मी तुम्हाला पानं भरून लिहिलं, भेग कुठे होती, माती कशी होती, सगळं. त्यावर तुम्ही म्हणालात, मला मामाची जागा हवी आहे. मग स्वतः अकरा मिनिटं उभे राहिलात आणि पटलं. म्हणजे माझ्या डोळ्यांची किंमत काय? उद्या दुसऱ्या कोणत्या मुलीने मशीन बंद केली, तर प्रत्येक वेळी तिच्या बापाला खड्ड्यात उतरवायचं का?

पंचायतीत तुम्ही काय म्हणालात ते मला तावीताने शब्दन् शब्द सांगितलं. "मी पाहिलं." "मी उभा राहिलो." "मी सांगतो." चार तासांत माझं नाव एकदाही नाही. भेग तुम्हाला सापडली असंच गाव समजतंय. मला हसणाऱ्या बायका आता म्हणतात, पेसामिनो ऑकलंडहून आला म्हणून माणसं वाचली.

परत ये म्हणता. कशाला? तुमच्या चरावर तुमची ड्रायव्हर म्हणून?

मला माफी नको. ती तुम्ही घरात, आईसमोर, हळू आवाजात मागाल. माझी लाज चारचौघांत काढलीत. जे बोलायचं ते चारचौघांत बोला. नाहीतर मी इथे बरी आहे. लोडरला सीटबेल्ट आहे आणि मागे जाताना भोंगा वाजतो.

पिसिला


सवाई, ७ जुलै

पिसिला,

सोहळा काल झाला. पाहुण्यांनी झऱ्यावर अंघोळी केल्या. सिडनीच्या बायका चिखलात पांढरे कपडे सावरत चालल्या होत्या, आणि गावातला प्रत्येक जण माझ्याकडे बघत होता.

जेवणाआधी पाद्रीबाबांनी परदेशातल्या मानकऱ्यांना दोन शब्द बोलायला सांगितले. माझी पाळी चौथी. खिशात भाषण होतं, तेच नेहमीचं, पूर्वजांचं. मी ते काढलं नाही.

मी म्हटलं, चरात धोका आहे हे मी शोधलं नाही. माझ्या मुलीने, पिसिलाने, ते मे महिन्यात सांगितलं. जमिनीची भेग तिने दाखवली, तुम्ही हसलात. मला तिने सगळं लिहून कळवलं, मी तिला भित्री म्हणालो, लोभी म्हणालो. इथून तीन हजार किलोमीटर लांब बसून म्हणालो. तिने मशीन बंद केली तीच आमच्या घरातली सगळ्यात चांगली ड्रायव्हरी. मला एकतीस वर्षांत तेवढी हिंमत झाली नाही. आणि तुम्हाला सांगतो, ती वेळ माझ्यावर दोनदा आली होती. दोन्ही वेळा मी खणत राहिलो. दोन्ही वेळा नशीब चांगलं होतं, मी ते माझं कसब समजलो.

हे शेवटचं कोणाला सांगायचं ठरवलं नव्हतं. तोंडातून गेलं.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मागून कोणीतरी म्हणालं, "आता जेवूया का?" मग तावीता उठून उभा राहिला. त्याच्या शेजारी फिलिपो. मग त्यांच्या बायका. एवढेच. बाकी सगळे बसून राहिले. तुझी आई तर उभी राहिलीच, तिला उभं राहायचं नसतं हे डॉक्टरांनी सांगितलंय तरी. बसायला सांगितलं तर माझ्यावर डोळे वटारले.

सेतेफानो जेवायला आला नाही. मी त्याच्या घराकडे गेलो तेव्हा अंगावरचा सोहळ्याचा शर्ट काढून तो पहारीने भिंतीचे दगड काढत होता. मी दुसऱ्या बाजूने काढायला लागलो. तासभर दगडच काढले. मग म्हणाला, "कंत्राटदार रोज विचारायचा, किती फूट. किती माणसं खाली आहेत हे त्याने एकदाही विचारलं नाही." मी म्हटलं, "तूही विचारलं नाहीस." म्हणाला, "नाही." तुला त्याचा काही निरोप देऊ का असं मी विचारलं, तर म्हणाला, तो स्वतः सांगेल. सांगेल की नाही मला माहीत नाही. आशा लावून बसू नकोस.

भिंत अर्धी निघाली आहे. फळ्या आल्या आहेत. लाल फडकं फिलिपोची बायको घेणार आहे. ती म्हणते, खाली नवरा असेल तर माझ्याइतकं लक्ष कोण देईल. मी माझं परतीचं तिकीट पुढे ढकललंय, पण मशीनवर बसणार नाही. टेकू ठोकेन.

सिमीला मी सीटवर बसू दिलेलं नाही. तो चांगला मुलगा आहे, तुझ्या हाताखाली शिकेल. तू रागावलेली आहेस हे मला पुरतं कळलंय, आणि तो राग सोडून ये असं मी म्हणणार नाही. तो घेऊनच ये. सकाळी मशीनला फेरी मारताना तो असू दे बरोबर.

पुढच्या सोमवारी सातला आम्ही सगळे चरावर असू, वर, काठापासून लांब. तू येशील, जमीन बघशील आणि हो म्हणशील, तेव्हा काम सुरू होईल. नाही म्हणालीस तर नाही.

आशीर्वाद.

बाबा